खांबामागची टाळी

“या वेळी हॉलमधला एकसुद्धा माणूस तालाचं कोडं डोक्यात घेऊन घरी जाणार नाही. माझा शब्द आहे!”

काकांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हाताने ते हवेत एक भलंमोठं वर्तुळ काढत होते. वर्तुळ पूर्ण होईपर्यंत चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून बाईंच्या इस्त्रीच्या कपड्यांवर गेला. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

काका म्हणजे बाईंचे यजमान, आणि बाई म्हणजे तालवाद्यांच्या क्लासच्या बाई. क्लास घराच्याच बाहेरच्या खोलीत चालायचा. शिकायला येणारी मंडळी चांगली मोठी, नोकरी-धंद्यातली. एक दातांची डॉक्टर, एक बेकरीवाला, एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, असे आणखी काही जण. ती सगळी बाईंना बाई म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला ओघानेच काका.

काकांचा स्वतःचा उद्योग निराळा होता. ते कॉम्प्युटरवर जाहिरातींची ॲनिमेशन करायचे. टीव्हीवर साबणाची वडी फेसावर अलगद उतरते ना, ती उतरवणारे काका! त्यांच्या उतरवण्याची एक खासियत होती. काकांची वस्तू कधी आपटायची नाही. टेकायच्या आधी ती जराशी रेंगाळायची, टेकताना किंचित दबायची, मग हलकेच फुगून जागेवर बसायची आणि त्यानंतरच चमकायची. ऑफिसात कुणाला काही मऊसूत उतरवून हवं असलं की फाइल सरळ ‘साबणवाल्यां’कडे जायची. काकांना या हळुवारपणाचा एवढा अभिमान की घरात कोणी पातेलं आदळलं तरी ते कळवळून म्हणायचे, “अगं, जरा रेंगाळून ठेव की!”

अशा या गुणी माणसाला देवाने सगळं दिलं, फक्त ताल द्यायचा राहून गेला. बाहेरच्या खोलीत क्लास सुरू झाला की काका स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून टाळी धरायचे. त्यांना संगीत मनापासून आवडायचं, हीच तर खरी अडचण होती! पहिली टाळी बरोबर पडायची. दुसरी जरा आधी. तिसरी आणखी आधी. मग गाडी घसरत घसरत पार भलतीकडे जायची. मध्येच एखादी पुन्हा बरोबर पडे, पण तो नशिबाचा भाग, असं बाईंचं स्पष्ट मत होतं.

लग्नानंतर सुरुवातीला बाईंनी त्यांना सुधारायचा प्रयत्न करून पाहिला. मग नाद सोडला, आणि त्या टाळीचाच उपयोग करून घेतला. नवा विद्यार्थी जरा पक्का झाला की बाई आतल्या दिशेने हाक मारायच्या, “अहो, धरा टाळी!” काका आनंदाने धरायचे. विद्यार्थी डगमगायचा, लटपटायचा, क्वचित रडकुंडीलाही यायचा.

“ती ऐकायची नाही!” बाई बजावायच्या. “काकांची टाळी कानावर पडली की डोळे मिटायचे आणि आपलं आपण घट्ट धरून ठेवायचं. या टाळीपुढे जो टिकला, तो जगात कुठेही टिकेल!”

काकांना वाटायचं, आपण क्लासला हातभार लावतोय. तसा तो लागतच होता म्हणा.

वार्षिक कार्यक्रमाला मात्र हा हातभार नको असायचा. वाचनालयाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत एक जाडजूड खांब होता आणि त्याच्यामागे एक खुर्ची. ती काकांची. तिथून टाळी स्टेजपर्यंत पोचत नाही, हे बाईंनी स्वतः तपासून घेतलं होतं. तिथून स्टेजही दिसायचं नाही, दिसायचा फक्त बाई उभ्या राहतात तो डावा कोपरा. काका दर वर्षी त्या कोपऱ्याकडे बघत कार्यक्रम ऐकायचे आणि घरी येताना म्हणायचे, “तू छान दिसत होतीस.” आणखी काय म्हणणार?

पण गेल्या वर्षी एक प्रकार घडला. कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे तिनाविरुद्ध चार. बेकरीवाला तो सगळ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगायचा. “केक एकच. मी त्याचे सारखे तीन तुकडे करतो, डॉक्टरबाई त्याच केकचे चार करतात. पहिली सुरी दोघांची एकाच जागी पडते, बाकीच्या निरनिराळ्या. फेरी संपली की दोघं पुन्हा त्या पहिल्या जागी!” त्या पहिल्या जागेला बाई सम म्हणत. तर गेल्या वर्षी ही मंडळी जीव ओतून वाजवून खाली उतरली आणि एक गृहस्थ बाईंना गाठून म्हणाले, “सगळेच छान वाजवतात हो! आता फक्त एकत्र वाजवायला शिकवा.”

बाई हसून ‘बरं’ म्हणाल्या, आणि घरी येऊन न जेवता झोपल्या.

ते काकांना फार लागलं. आपली बायको एवढं अवघड काही करते आणि लोकांना तो गोंधळ वाटतो? त्यातूनच ती कल्पना निघाली. लोकांना ऐकून कळत नाही ना? मग आपण दाखवू!

“म्हणजे नक्की काय करणार आहात?” बाईंनी चहा पुसत विचारलं.

“मोठ्या पडद्यावर एक वर्तुळ. त्यात तिनाचा त्रिकोण, चाराचा चौकोन. दोघांचं वरचं टोक एकच, ती तुझी सम! दोन चेंडू कडेकडेने फिरणार. तीनवाले वाजवतील तसा एक चेंडू त्रिकोणाच्या टोकांवर टेकून चमकणार, चारवाले वाजवतील तसा दुसरा चौकोनाच्या. मध्ये दोघांची चुकामूक, आणि वर पोचले की दोघं एकदम! आंधळ्यालाही... म्हणजे, कुणालाही कळेल!”

“आणि आमचा वेग जरा इकडेतिकडे झाला तर?”

“चेंडूचाही होईल! कॉम्प्युटर माईकमधून तुमचं ऐकत राहणार आणि त्याप्रमाणे चेंडू फिरवणार. तुम्ही पुढे, तो मागे. आज्ञाधारक नवऱ्यासारखा!”

बाईंनी फडका पिळून ठेवला. मग म्हणाल्या, “या वर्षी लोकांना कळलं आणि कोणी ‘एकत्र वाजवायला शिकवा’ म्हणालं नाही, तर पहिल्या रांगेत माझ्या आईशेजारची खुर्ची तुमची!”

पहिली रांग! काकांनी त्याच दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

पुढचे काही दिवस घरात नुसते चेंडू उड्या मारत होते. काकांच्या कॉम्प्युटरचा कान भलताच तिखट निघाला. कुठलाही आवाज नियमित येत राहिला की तो त्याची आकृती काढायचा. गळक्या नळाने सुबक षटकोन काढला. वॉशिंग मशीनने अष्टकोन काढला आणि कपडे पिळायच्या वेळी त्याचा चक्क भोवरा केला. मुक्कामाला आलेल्या काकांच्या सासूबाई खुर्चीत डुलकी घेत होत्या, त्यांच्या घोरण्याचा वर्तुळावर एकच टपोरा ठिपका उमटला, तोही बरोबर समेवर. आवाजाला काही ताळतंत्र नसला, तर मात्र आकृती नाही. पडद्यावर नुसता राखाडी धुरळा उडायचा. शेजारच्यांच्या कुत्र्याचा धुरळा उडाला. फोनवर बोलणाऱ्या चुलतसासऱ्यांचाही धुरळाच उडाला.

“तुमची टाळी लावून बघा की,” बाई म्हणाल्या.

“माझे हात कामात आहेत!” काका म्हणाले आणि घाईने कीबोर्ड बडवू लागले. आपला धुरळा बायकोच्या डोळ्यांदेखत उडावा, असं कुठल्या नवऱ्याला वाटेल?

सासूबाईंना मात्र तो चेंडू इतका आवडला की त्या खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसायच्या. “किती गं बाई मऊ टेकतो! जसं काही बाळ झोपवतंय कुणी.”

“बघा आई, तुम्हाला कळलं!” काकांची छाती फुगली. “इतर लोक चेंडू आपटतात. मी टेकवतो. रेंगाळ, दाब, फुगवटा आणि मग चमक!”

वाचकहो, हे चार शब्द लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ त्यांच्यात आहे. ठोका पडल्यावर चेंडू रेंगाळणार, दबणार, फुगणार आणि मग चमकणार, म्हणजे चमक ठोक्याच्या किंचित नंतर येणार. अगदी किंचित! बघणाऱ्याला कळणारही नाही इतकी. तालमींमध्ये कुणालाच कळली नाही, कारण पडदा वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे होता. मंडळी नेहमीसारखी कानाने वाजवत होती, आणि सासूबाई ‘वा, वा’ म्हणत होत्या.

इथेच काका थांबले असते तर बरं झालं असतं. पण अभिमान माणसाला थांबू देतो का?

“एवढी सुंदर गोष्ट,” कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “आणि ती वाजवणाऱ्यांच्याच पाठीमागे! कलाकारांनीच का मुकायचं?”

“आम्ही कानाने वाजवतो हो, डोळ्यांनी नाही,” बाई म्हणाल्या. “पुढे काही लावू नका.”

काकांनी मान डोलावली. आणि कार्यक्रमाच्या दिवशी, बाई साडीच्या निऱ्यांत गुंतल्या असताना, हॉलवर जाऊन स्टेजच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, वाजवणाऱ्यांकडे तोंड करून एक दुसरा छोटा पडदा गुपचूप बसवून आले! बायकोला तेवढंच आश्चर्य. शिवाय एक माईक त्यांनी प्रेक्षकांकडेही फिरवून ठेवला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट होईल, तेव्हा त्याचंही काहीतरी छानसं उमटायला नको का? मग सगळं आपोआप चालू राहील असं करून ते खांबामागे जाऊन बसले, हाताची घडी घालून, आपली शेवटची वेळ आहे या थाटात.

हॉल भरला. गेल्या वर्षीचे ते गृहस्थही तिसऱ्या रांगेत होते. पहिल्या रांगेत सासूबाई. बाईंनी कोपऱ्यातून सुरुवात करून दिली आणि हात बांधून उभ्या राहिल्या. स्टेजवर बाईंचा कडक नियम होता. एकदा वाजवणं सुरू झालं की त्यांनी मध्ये बोलायचं नाही, मोजायचं नाही. विद्यार्थ्यांनी आपलं आपण निभावायचं.

मोठ्या ड्रमवर तीन सुरू झाले. लाकडी ठोकळ्यांवर चार सुरू झाले. पडद्यावर नारिंगी त्रिकोण आणि निळा चौकोन झळकले, चेंडू धावू लागले, वरच्या टोकावर दोघं एकदम चमकले, आणि हॉलमधून चक्क ‘अरे!’ असा आवाज आला. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ शेजाऱ्याला कोपराने ढोसून पडदा दाखवू लागले. खांबामागे काकांना यातलं काही दिसत नव्हतं, पण ते ‘अरे!’ ऐकून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नेमकं त्याच वेळी बेकरीवाल्याला पायापाशी काहीतरी चमकताना दिसलं.

त्याने पाहिलं. काय तो चेंडू! काय तो मऊपणा! तो बघतच राहिला. आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की आपला ठोका चेंडूच्या जरा आधी पडतोय. म्हणजे आपण घाई करतोय! बेकरीवाला मुळात शिस्तीचा माणूस. त्याने पुढचा ठोका जरा उशिरा मारला. कॉम्प्युटरने ऐकलं. यांना सावकाश जायचंय? जाऊ या! त्याने चेंडू सावकाश केला. डॉक्टरबाईंनीही तेवढ्यात खाली पाहिलं. अगबाई, मीही पुढे जातेय! त्या थांबल्या. चेंडू आणखी थांबला. चष्मेवाल्याने आपला चष्मा सावरून खात्री करून घेतली आणि तोही थांबला.

आता वाजवणारे चेंडूकडे बघत होते आणि चेंडू वाजवणाऱ्यांचं ऐकत होता. दर फेरीला सगळं थोडं थोडं सावकाश होत चाललं. आधी चालल्यासारखं, मग जेवणानंतर शतपावली केल्यासारखं, मग गुडघे दुखत असताना जिना चढल्यासारखं.

बाईंची पाचावर धारण बसली. बोलायचं नाही, मोजायचं नाही! त्यांनी डोळे वटारून बेकरीवाल्याकडे पाहिलं, पण तो चेंडूत. डॉक्टरबाईंकडे पाहिलं, त्याही चेंडूत. शेवटी बाईंनी लांब खांबाकडे पाहिलं आणि कमरेपाशी हात ठेवून, कोणाला दिसणार नाही असं, बोटांनी खुणावलं. बंद करा! ते बंद करा!

काकांना तेवढा कोपरा बरोबर दिसत होता. बायको भर कार्यक्रमात आपल्याकडे बघून हात हलवतेय! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी घडलं नव्हतं. त्यांनीही उत्साहाने हात हलवला. बाईंनी कपाळाला हात लावला. काकांना वाटलं, बिचारी भारावली!

ठोके आता फार लांब लांब पडत होते हे काकांच्याही कानावर येत होतं. पण तालातलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून ते नम्रपणे गप्प राहिले. दिवेवाल्याला वाटलं, काहीतरी गंभीर चाललंय. त्याने दिवे हळूहळू मंद केले. ते बघून चार-दोन रसिकांनी डोळे मिटले. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ पुटपुटले, “केवढा संयम!”

आणि मग सगळं थांबलं.

बेकरीवाल्याचा हात वर. डॉक्टरबाईंची काठी हवेत. चेंडू वरच्या टोकाशी येऊन लटकलेला. त्यांनी वाजवलं की तो टेकणार, आणि तो टेकला की ते वाजवणार! दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभी राहतात ना, तसं. फरक एवढाच की ती निदान बोलतात तरी. इथे हॉलभर चिडीचूप. पहिल्या रांगेत सासूबाईंना डुलकी लागली होती, त्यांच्या श्वासाचा तेवढा आवाज.

बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काकांना खांबामागून ते दिसलं. बाकी काही दिसलं नाही, पण ते दिसलं.

कार्यक्रम संपला, असंच काकांना वाटलं. संपला, आणि एक माणूस टाळी वाजवत नाही! गेल्या वर्षी निदान वाजवल्या होत्या. इतकं सगळं करून, इतके चेंडू टेकवूनसुद्धा लोकांना कळलं नाही, आणि ती तिथे एकटी उभी आहे, डोळे भरून! काकांना एकदम भडभडून आलं. टाळी पोचो न पोचो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत! ते खुर्चीवरून उठले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी एक टाळी दिली.

फाट्!

बेकरीवाल्याने डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. चष्मेवाल्याने चष्म्याआड डोळे मिटले. काकांची टाळी! ती आली की काय करायचं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. डोळे मिटायचे आणि आपलं आपण घट्ट धरून ठेवायचं! धाडकन तीन सुरू झाले, खणखणीत चार सुरू झाले. डोळेच मिटलेले, म्हणजे चेंडूकडे बघायला कोणी उरलं नाही. वेग मूळपदावर आला, उलट जरा चढाच लागला.

संगीत सुरू झालेलं ऐकून काका बावचळले. पण हात तोवर चालू झाले होते, आणि संगीत चालू असताना थांबणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात धरायचे तशी टाळी धरून बसले. पहिली बरोबर. दुसरी जरा आधी. तिसरी आणखी आधी...

प्रेक्षकांकडे फिरवलेल्या माईकने ती ऐकली.

पुढच्या क्षणी सगळा हॉल ‘ओऽऽ!’ करून उठला. लोक पडद्याकडे बोटं दाखवू लागले, मग माना वळवून वळवून मागे खांबाकडे पाहू लागले. काकांना वाटलं, आपली चुकीची टाळी आता सगळ्या गावाला कळली! पण मंडळींचं वाजवणं पुन्हा बंद पडण्यापेक्षा आपली शोभा झालेली परवडली. त्यांनी डोळे मिटले आणि आणखी जोरात वाजवत राहिले.

शेवटची सम आली, ठोके थांबले, आणि त्या हॉलने कधी ऐकला नसेल असा कडकडाट झाला. काकांनी डोळे उघडले तर बाई समोर! धापा टाकत, स्टेजवरून थेट शेवटच्या रांगेपर्यंत पळत आलेल्या.

“चुकलो गं,” काका म्हणाले. “मला वाटलं संपलं.”

“अहो, पंचकोन!”

“काय?”

“तुमच्या टाळीचा पंचकोन उमटला! गुलाबी! पाचही बाजू सारख्या!” बाई हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदम. “इतकी वर्षं मी म्हणत होते तुम्ही चुकता. तुम्ही आमच्याच फेरीचे पाच करत होता हो! एका केकचे पाच! म्हणून पहिली बरोबर पडायची, आणि फिरून पुन्हा बरोबर पडायची. ते नशीब नव्हतं!”

डॉक्टरबाईही आल्या होत्या. “काका, तिनाचाराबरोबर पाच आम्हाला अजून शिकवलेले नाहीत. तुम्ही भाजी चिरताना करत होता?”

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ पुढे होऊन बाईंना म्हणाले, “आज तिन्ही एकत्र येताना डोळ्यांनी पाहिले. गेल्या वर्षी मी काहीतरी बोलून गेलो होतो, तेवढं विसरा.” बाई म्हणाल्या, “विसरले.” ते काही खरं नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मात्र अगदी खरा होता. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, दुसऱ्या हाताने ती खांबामागची खुर्ची उचलली आणि भर हॉलमधून चालत जाऊन पहिल्या रांगेत आपल्या आईशेजारी नेऊन ठेवली. “बसा!”

काका बसले. काय सांगावं त्या बसण्याचं! एखादा राजासुद्धा सिंहासनावर इतकी पाठ ताठ करून बसला नसेल.

“पुन्हा! पुन्हा!” लोक ओरडू लागले. “काकांसकट!”

बाईंनी मग अटी घातल्या. छोटा पडदा आधी तिथून हलवा. आणि मोठ्या पडद्यावरचा तो हळुवारपणा काढा. ठोका पडला की चमक, मध्ये काही नाही.

“सगळा काढू?” काकांचा आवाज कापरा झाला. “थोडासा दाब ठेवला तर?”

“अहो!”

काढला. काकांनी स्वतःच्या हाताने तो रेंगाळ, तो दाब आणि तो फुगवटा पुसून टाकला आणि परत येऊन पहिल्या रांगेत बसले. समोर भव्य पडदा, कसलाही खांब नाही. तीन सुरू झाले, चार सुरू झाले. बाईंनी सगळ्या हॉलसमोर हाक दिली, “अहो, धरा टाळी!”

काकांनी पडद्याकडे बघत ऐटीत टाळी धरली. पहिली बरोबर. दुसरीही बरोबर. तिसरीही बरोबर! निळा चौकोन दुप्पट तेजाने झळाळू लागला, पण गुलाबी रंगाचा पत्ता नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच काका अचूक चार वाजवत होते! समोर चौकोन इतका स्वच्छ दिसत होता की चुकणार कसं? बेकरीवाल्याने डोळे मिटले होते ते दचकून उघडले. ही टाळी काकांची नव्हे! तो अडखळला, डॉक्टरबाई अडखळल्या, सगळीकडे राखाडी धुरळा उडायला लागला.

बाईंनी नियम मोडला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त काकांकडे पाहिलं आणि हळूच बोट केलं, खांबाकडे.

काकांनी निमूटपणे आपली खुर्ची उचलली, ती मधल्या वाटेने पार मागे नेली आणि खांबामागे ठेवली. बसले. तोवर मंडळी सावरून पुन्हा तीन-चार वाजवू लागली होती. समोर फक्त डावा कोपरा, आणि कोपऱ्यात हसणारी बायको. त्यांनी तिच्याकडे बघत टाळी धरली. पहिली बरोबर, दुसरी जरा आधी, तिसरी आणखी आधी... आणि पुढून सगळ्या हॉलचा ‘ओऽऽ!’ ऐकू आला.

घरी जाताना बाई पुढे बेकरीवाल्याशी बोलत चालल्या होत्या. काकांनी सासूबाईंना हात दिला आणि जरा मागे राहून, इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “आई, माझा पंचकोन तुम्हाला दिसला का हो? जाग्या होतात ना?”

“दिसला की! पहिल्या रांगेत बसून दिसणार नाही?”

“कसा होता?”

सासूबाईंनी बराच विचार केला.

“छान होता,” त्या म्हणाल्या. “पण जावईबापू, चेंडू जरा आपटत होता.”